एका बाटलीचा आळ

मनोरच्या परिसरात भातकापणीच्या दिवसांत विळा बोटाला लागला, अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडला किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोटारसायकल घसरून गुडघा फुटला, की दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का? हा प्रश्न आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे काही इतिहास असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

पण इतिहास आहे, आणि तो आपल्या मुंबईशी निगडित आहे. धनुर्वाताने एका थोर शास्त्रज्ञाचे आयुष्य उद्ध्वस्त केले. त्यांना स्वतःला हा रोग कधी झाला नाही. पंजाबातल्या एका खेड्यात १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि त्या मरणांचा आळ मुंबईत बसलेल्या या माणसावर आला. तो पुसायला पाच वर्षे लागली, आणि पुसला गेल्यावरही त्यांचे जुने काम त्यांना परत मिळाले नाही. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. बसच्या थांब्याला, सर्पदंशावरच्या औषधाला, पोलिओच्या डोसाला जोडलेले हे नाव आपण येता-जाता घेतो. त्या नावाचा माणूस मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे.

ओडेसाचा बंडखोर विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. काळ्या समुद्राच्या काठावरचे हे बंदर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते मेचनिकॉव्ह.

झारच्या राजवटीचा तो जुलमी काळ होता. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. तरुण हाफकिन क्रांतिकारक विद्यार्थ्यांत वावरले, आपल्या समाजाच्या संरक्षणासाठी उभे राहिले आणि त्यापायी तुरुंगातही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटका झाली. शिक्षण संपल्यावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळू शकली असती, पण त्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अट होती. हाफकिन यांनी ती मानली नाही. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून त्यांनी १८८८ साली देश सोडला. जिनिव्हाला थोडा काळ काढून १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे रिकामी जागा एकच होती, ग्रंथपालाची. त्यांनी ती आनंदाने घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी युरोप आणि आशियात पटकीच्या साथींनी थैमान घातले होते. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. ती माणसाला चालेल की नाही हे कळायचे कसे? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. मग मित्रांनी टोचून घेतली. आता खरी कसोटी हिंदुस्थानात व्हायची होती, कारण पटकीचे माहेरघर हेच होते.

१८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत ते हिंडले. कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत लोक या गोऱ्या माणसाकडे संशयाने पाहत. तेव्हा हाफकिन यांनी स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेतले आणि त्यांनी लोकांसमोर आधी स्वतःला टोचून घेतले. सक्ती कुणावरच नव्हती. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांनी त्यांच्याकडून लस घेतली. मलेरियाने पोखरलेल्या शरीराने ते विश्रांतीसाठी इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये परत आले. त्याच वर्षी मुंबईवर प्लेग कोसळला.

तूप, बोकडाचा रस्सा आणि एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबईतला पहिला प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो मुंबईकर शहर सोडून पळाले. साथ त्यांच्यापाठोपाठ गावोगाव गेली. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावून घेतले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर जगातली पहिली प्लेगची लस तयार करायची होती.

ही लस कशी झाली हे आपल्या घरातल्या वाचकांना आवडेल असे आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गोमांसाचा करीत. हाफकिन यांनी इथल्या हिंदू-मुसलमानांच्या भावना ओळखून बोकडाचे मांस घेतले. या रश्शावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाखाली प्लेगचे जंतू लटकून वाढत, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि तुपाखाली नवी पिढी वाढू लागे. काही आठवड्यांनी सगळा द्रव तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. कार्बोलिक आम्ल म्हणजे रुग्णालयात पूर्वी ज्याचा उग्र वास येई ते फिनॉल. लशीत दुसरा एखादा जंतू शिरलाच तर त्याला वाढू न देणे हे त्याचे काम.

तीन महिन्यांच्या अहोरात्र श्रमांनंतर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि तीही नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांना लस देण्यात आली. टोचून न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. टोचून घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, दगावले कुणी नाही.

हे वर्ष महाराष्ट्र विसरू शकत नाही. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. सोजिरांनी घरात घुसून केलेल्या तपासण्यांनी लोक संतापले आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. एकीकडे हा दंडुका होता, आणि दुसरीकडे राजीखुशीने हात पुढे करणाऱ्याला सुई टोचणारे हाफकिन होते. आगाखानांनी त्यांना आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि आपल्या खोजा अनुयायांना लस घ्यायला सांगितले. हजारोंनी ती घेतली.

दमण आणि उंढेरा

हाफकिन यांची पद्धत पुराव्याची होती. लस दिली, लोक वाचले, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. ज्यांनी घेतली आणि ज्यांनी घेतली नाही त्या दोघांची मोजदाद ते ठेवीत. आपल्या पालघरहून किनाऱ्याने उत्तरेकडे गेले की लागणारे दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. तिथे १८९७ मध्ये प्लेगने कहर केला. नानी-मोटी अशा दोन भागांपैकी एका भागात २१९७ लोकांनी लस घेतली होती, त्यांतले ३६ दगावले. ६०३३ जणांनी ती घेतली नव्हती, त्यांतले १४८२ दगावले. म्हणजे लस न घेतलेल्या चारांत एक मेला आणि घेतलेल्या साठांत एक.

बडोदे संस्थानातल्या उंढेरा या गावी १८९८ मध्ये त्यांनी याहून काटेकोर कसोटी घेतली. प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. लस न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि २६ मेले. घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले आणि ३ मेले. लस पूर्ण कवच नव्हती. ताप येई, दंड सुजे. तरीही त्या काळात दुसरे काहीच हाताशी नसताना ती किती मोलाची होती हे आकडेच सांगतात.

मागणी वाढत गेली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. एका व्हरांड्यातून निघालेला माणूस चाळिशी गाठण्याआधी राजवाड्यासारख्या इमारतीत आला होता. त्या वेळी त्याला माहीत नव्हते की इथे आपल्याला जेमतेम काही वर्षे मिळणार आहेत.

मलकवाल, ३० ऑक्टोबर १९०२

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम काढली. परळहून लाखो मात्रा हव्या होत्या. एवढी लस वेळेत पुरवण्यासाठी हाफकिन यांनी तयार करण्याची रीत जलद केली आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उष्णतेचीच पद्धत रूढ होती, त्यामुळे यात काही अघटित नव्हते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. त्या दिवशी काही बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांतल्या ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून १९ जणांना लस मिळाली. साधारण आठवडा गेला आणि त्या १९ जणांचे जबडे आखडू लागले. मान ताठ झाली, पाठ कमानीसारखी वाकली. एकामागून एक ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स हे त्याचे प्रमुख होते. बाटली उघडण्याआधीच दूषित झालेली असावी, म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेचा, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका आला. हाफकिन यांना प्रयोगशाळेतून बाजूला काढण्यात आले आणि बिनपगारी रजेवर ते इंग्लंडला गेले. ज्याने दोनदा आपल्याच शरीरावर प्रयोग केला होता, त्याला १९ जणांच्या मृत्यूला कारणीभूत ठरवून दाराबाहेर उभे करण्यात आले.

चौकशीच्या कागदपत्रांत मात्र एक लहानशी गोष्ट नोंदलेली होती. मलकवालला ती बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून नीट निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यातून हलवून काढला गेला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच ओढले गेले. गुरांच्या वावराने भरलेल्या खेड्यातली ती जमीन होती. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत राहतात. त्यांची बीजे वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या कार्बोलिकच्या पाण्याला दाद देत नाहीत.

विषाचे घड्याळ

इथे थोडे थांबून धनुर्वात शरीरात नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे. कारण हाफकिन यांच्या निर्दोषत्वाची साक्ष त्या विषाच्या वागण्यातच दडलेली होती.

आपले मज्जातंतू एकमेकांशी रसायनांच्या भाषेत बोलतात. ही रसायने तंतूच्या टोकाशी इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. शास्त्रीय मराठीत त्यांना पुटिका म्हणतात. संदेश आला की पुटिका टोकाच्या पडद्याला जाऊन चिकटते, फुटते आणि आतले रसायन बाहेर सांडते. पुटिकेने कुठे जायचे आणि कुठे चिकटायचे याची व्यवस्था काही प्रथिने पाहतात. त्यांतले एक प्रथिन आहे सिनॅप्टोब्रेव्हिन. ते पुटिकेच्या अंगावर केसासारखे उभे असते. समोरच्या पडद्यावर त्याची जोडीदार प्रथिने असतात. बॅगेची चेन ओढली की दोन्ही कडा जुळत जातात, तशी ही प्रथिने एकमेकांत गुंतत जातात आणि पुटिका पडद्यावर ओढली जाते. पेशीतल्या या दळणवळणाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

धनुर्वाताचे विष म्हणजे एक कात्री आहे. ही कात्री जस्ताच्या एका अणूच्या आधाराने चालते. प्रयोगशाळेत जस्त काढून घेणारी रसायने घातली की ती बोथट होते. सिनॅप्टोब्रेव्हिन ही सुमारे ११६ अमिनो आम्लांची माळ आहे. विष ती ७६ आणि ७७ या दोन मण्यांच्या मध्ये अचूक कापते. चेनच तुटली, मग पुटिका पडद्याला चिकटणार कशी? हा शोध इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९२ साली लावला. मलकवालच्या घटनेला तेव्हा ९० वर्षे झाली होती.

आता हे विष कोणत्या तंतूंवर घाला घालते ते पाहा. आपण कोपर वाकवतो तेव्हा एक स्नायू आवळतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल पडतो. सैल पाडण्याचा हुकूम देणारे तंतू वेगळे असतात, ते स्नायूंचे लगामच म्हणायचे. धनुर्वाताचे विष नेमके या लगामांच्या पुटिका बंद पाडते. मग शरीरातले सगळे स्नायू एकदम आवळू लागतात. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. आपल्या पूर्वजांनी या रोगाला धनुर्वात म्हटले ते किती बारकाईने पाहून!

पण या सगळ्याला वेळ लागतो. जखमेत शिरलेल्या बीजांना आधी अंकुर फुटावा लागतो, जंतू वाढावे लागतात, त्यांनी विष तयार करावे लागते. ते विष जवळच्या तंतूच्या टोकात शिरते आणि तंतूच्या स्वतःच्याच पुटिकांत बसून उलट दिशेने वर, मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते. म्हणून धनुर्वाताची लक्षणे जखमेनंतर साधारण आठवड्याने दिसतात, कधी तीन दिवसांनी तर कधी तीन आठवड्यांनी. पूर्वी गावोगाव बाळाच्या नाळेतून हा रोग होई, तेव्हा सटवीची पूजा होते न होते तोच बाळ दूध ओढेनासे होई. सटवाईने कपाळी लिहिले, असे म्हणून आया डोळे पुसत. ते लिखाण खरे तर विषाच्या या घड्याळाचे होते.

आता मलकवालकडे परत जाऊ. ५३-एन ही बाटली परळला भरल्याला ४१ दिवस झाले होते. जंतू तेव्हाच आत शिरले असते, तर बंद बाटलीतल्या पोषक द्रवात त्यांना वाढायला जवळजवळ सहा आठवडे मिळाले असते. हे जंतू हवेशिवायच वाढतात आणि वाढले की द्रवाला घाणेरडा वास येतो. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला असा वास आला नव्हता. शिवाय एवढ्या अवधीत द्रवात विषाचा साठा झाला असता. हे विष इतके जहाल आहे की शुद्ध स्वरूपात एक ग्रॅम लाखो माणसांना पुरेल. तयार विष सुईतून आयते दिले गेले असते, तर लक्षणे लवकर दिसायला हवी होती. प्रत्यक्षात आठवडा लागला. म्हणजे सुईतून विषाचा साठा गेला नव्हता, बीजे गेली होती, आणि तीही नुकतीच आत पडलेली. जमिनीवर पडलेला तो चिमटा सगळ्या गोष्टींचा मेळ घालून देत होता.

निर्दोष, तरीही

हा मेळ पाहायला सरकारला पाच वर्षे लागली. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासला. चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर ती शास्त्रज्ञांच्या हाती पडली. डासांमुळे मलेरिया होतो हे सिकंदराबादेत सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस पेटून उठले. त्यांनी आणि प्राध्यापक सिम्प्सन यांनी लेखणी हाती घेतली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले. हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाहीच, उलट पुरावा दूषितीकरण मलकवालला झाल्याचेच दाखवतो, असा त्याचा आशय होता. लोक या प्रकरणाची तुलना फ्रान्सच्या ड्रायफस खटल्याशी करू लागले. तिथेही एका निरपराध ज्यू अधिकाऱ्याला वर्षानुवर्षे कलंक सोसावा लागला होता. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर बोलावले.

ते आले. परळला मात्र नाही. त्यांची जागा केव्हाच भरली गेली होती. कलकत्त्याला एका छोट्या प्रयोगशाळेत त्यांना बसवण्यात आले. लशीच्या मोठ्या चाचण्या घेण्याची मुभा नव्हती. ४७ वर्षांचा, कामाच्या ऐन भरातला माणूस कडेला ठेवला गेला. काही वर्षे त्यांनी निमूटपणे तिथे काढली आणि पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला परतले. लग्न त्यांनी केले नव्हते. उरलेले आयुष्य पॅरिसजवळ आणि मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेले. तरुणपणी क्रांतिकारकांत वावरलेले हाफकिन उतारवयात ज्यू धर्माच्या आचारात रमले आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक पाठशाळांमधल्या शिक्षणासाठी ठेवली.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ही बातमी त्यांना कळवली गेली, तेव्हा त्यांनी आभार मानले आणि आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे मुंबईच्या त्या कामात गेली असे लिहून कळवले. तक्रारीचा सूर त्यांनी लावला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानला त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्या घड्याळाला कुलूप

धनुर्वाताच्या विषाला नमवणारे रसायन अखेर फार साधे निघाले. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी दाखवले की विषावर फॉर्मेलिन टाकून ते कोमट ठेवले, की त्याची कापण्याची शक्ती जाते, चेहरामोहरा मात्र शाबूत राहतो. शरीराला हा निरुपद्रवी चेहरा दाखवून ठेवायचा, म्हणजे खरा शत्रू आला की ते ओळखते. धनुर्वाताची लस ती हीच. सरकारी कार्यक्रमात आता टीटीऐवजी टीडी मिळते, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण होते. गरोदर बाईला ही लस दिली की बाळ आईकडून संरक्षण घेऊनच जन्माला येते. माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. सटवाईच्या लेखणीतले एक वाक्य असे खोडले गेले.

तरी माती तीच आहे आणि तिच्यातली बीजेही तिथेच आहेत. विष एकदा मज्जातंतूच्या आत शिरले की त्याच्यावरचे प्रतिविष तिथवर पोहोचत नाही, आणि आतल्या कात्रीला थांबवणारे औषध डॉक्टरांच्या हाती अजून नाही. म्हणूनच मनोरच्या दवाखान्यातला तो प्रश्न जखम लहान असली तरी विचारला जातो. शेणामातीत काम करणाऱ्या मोठ्या माणसांनी लहानपणीच्या डोसावर विसंबून राहू नये, ठरावीक वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावे, हे घरातल्या कर्त्या माणसाने लक्षात ठेवलेले बरे.

पालघर-डहाणूच्या रानात मण्यार निघते. तिच्या विषातला एक घटकही मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करतो आणि तिथल्या पुटिकांचा साठा रिता करून टाकतो. धनुर्वातात शरीर आवळत जाते, मण्यारीच्या दंशात ते लुळे पडते. त्यावरचे प्रतिविष तयार करणाऱ्यांत हाफकिन यांच्या नावाची सरकारी कंपनी आहे. ज्याने आपल्या हयातीत पटकी आणि प्लेगशी झुंज घेतली, त्याचे नाव असे आजही आपल्या रानावनात उपयोगी पडते.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे बनवणारे कारखाने आहेत आणि तिथे काम करणारी कितीतरी कुटुंबे हा लेख वाचत असतील. कोणत्या घाणीतून कोणती बाटली भरली याची नोंद ठेवणे, प्रत्येक घाणीचा नमुना बाजूला जपणे, उघडलेली वस्तू जमिनीला लागली तर ती फेकून देणे, हे सगळे त्यांच्या रोजच्या कामाचे नियम आहेत. कधी ते जाचकही वाटत असतील. ५३-एन या बाटलीचा क्रमांक आणि भरल्याची तारीख कागदावर नसती, चिमटा पडल्याची ती ओळ कुणी लिहून ठेवली नसती, तर हाफकिन यांचा आळ कधीच पुसला गेला नसता. आणि ते १९ गावकरी कशाने मेले हेही जगाला कळले नसते. त्यांची नावे इतिहासाने फारशी जपली नाहीत. हाफकिन यांची आठवण काढताना त्यांचीही काढायला हवी.